दोन जीटीएक्स ९७० काढून एकच ग्राफिक्स कार्ड लाव, पण आधी बोर्ड बघ

भावा, तू लिहिलंयस की आय७ ४७९० प्रोसेसर, झेड९७ चा मदरबोर्ड, एसएलआयमध्ये (दोन ग्राफिक्स कार्डं जोडून एकत्र चालवायची एनव्हिडियाची सोय) दोन जीटीएक्स ९७०, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय आणि मॉनिटर साधा फुल एचडी. दोन्ही कार्डं काढून एकच घेतलं तर फरक पडेल का पैसे वाया जातील, असं विचारलंयस. पडेल, आणि चांगला पडेल. माझ्याकडं पण हीच जोडी होती, आता एकच आरटीएक्स ३०६० आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पैसे घालायच्या आधी एक काम कर, फुकटातलं आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एसएलआय बंद कर आणि तू सध्या जे गेम खेळतोस तेच खेळून बघ. गेम नवीन असतील तर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जवळपास तेवढेच राहतील, कारण तिथं दुसरं कार्ड कामच करत नाही, नुसतं बसून असतंय. एसएलआय नीट चालायला ड्रायव्हरमध्ये त्या त्या गेमचं प्रोफाइल लागतं, आणि एनव्हिडियानं २०२० मध्येच सांगून टाकलं की १ जानेवारी २०२१ पासून नवीन प्रोफाइल बनवणार नाही, ज्याला दोन कार्डं चालवायची असतील त्या गेम बनवणाऱ्यानं स्वतः डायरेक्टएक्स १२ नाहीतर वल्कनमध्ये (गेम आणि कार्ड यांच्यातले दुवे) सोय करायची. ती सोय करणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. वर परत ऑक्टोबर २०२५ पासून ९७० ला नवीन गेमचे ड्रायव्हर येणंच बंद झालंय, आता फक्त सिक्युरिटीचे अपडेट येतील, ते २०२८ पर्यंत.

मेमरीचं पण सांगतो, कारण अजून कितीतरी जण ४ आणि ४ मिळून ८ जीबी धरतात. तसं होत नाही. एसएलआयमध्ये एक फ्रेम हे कार्ड काढतं, पुढची ते कार्ड, त्यामुळं गेमचं सगळं सामान दोघांकडं वेगवेगळं ठेवावं लागतं, म्हणजे हाताशी ४ जीबीच, आणि ९७० मध्ये त्यातले पण ३.५ जीबीच फास्ट आहेत, उरलेला अर्धा जीबी एकदम स्लो. आजच्या गेममध्ये टेक्स्चर हाय केलं की ४ जीबी कुठल्या कुठं संपतात, मग झटके बसायला लागतात.

आणि झटक्यांचं खरं दुखणं तर वेगळंच आहे. दोन कार्डं आलटून पालटून फ्रेम देतात पण सारख्या अंतरानं देतीलच असं नाही. तासाला सहा केएमटी (आपल्या कोल्हापूरच्या सिटी बस) आहेत पण दोन-दोन एकामागोमाग आल्या तर थांब्यावरच्या माणसाला त्या तीनच की! तसंच, कोपऱ्यात ६० एफपीएस दिसतात आणि डोळ्याला ४० सारखं वाटतं. माझ्या मते दोन कार्डं काढायचं सगळ्यात मोठं कारण हेच, आकड्यांपेक्षा मोठं. एका कार्डावर तेच ६० बघ, माउस फिरवल्या फिरवल्या कळतंय.

आता कुठलं घ्यायचं. तुझा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा (कार्ड बोर्डाला जोडायच्या रस्त्याची जुनी पिढी) आहे आणि इथंच लोक फसतात. आरटीएक्स ४०६० चांगलं कार्ड आहे, वीज पण कमी खातं, पण त्याला लेन (डेटा ये-जा करायच्या पट्ट्या) आठच आणि मेमरी ८ जीबी. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर आठ लेन पुरतात, ३.० वर तोच रस्ता निम्मा होतो, आणि व्हीरॅम (कार्डाची मेमरी) भरली की ते लगेच जाणवतं. ३०६० ला पूर्ण सोळा लेन आणि १२ जीबी आहेत, तुझ्या बोर्डाला हेच बसतंय. फक्त १२ जीबीवालंच घे, त्याच नावाचं ८ जीबीचं पण येतं, त्याची मेमरीची बस (मेमरीकडं जायचा रस्ता) १९२ ऐवजी १२८ बिटची आहे आणि ते बऱ्यापैकी स्लो आहे, दुकानदार नुसतं "३०६० आहे" म्हणाला तर बॉक्स फिरवून वाच. बजेट कमी असेल तर एएमडीचं आरएक्स ६६०० चालेल, आठच लेन आहेत पण फुल एचडीला निभतं. ६५०० एक्सटीला मात्र हात लावू नको, चारच लेन आणि ४ जीबी, तुझ्या बोर्डावर पार मरतंय. इंटेल आर्क पण नको, त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, आपल्या जुन्या बोर्डात तो अधिकृतपणे नाही. आणि यापेक्षा महागडं काय घेऊ नको, ४७९० त्याला पुरा पडणार नाही.

कामाच्या वेगात एक ३०६० म्हणजे एका ९७० च्या जवळपास दुप्पट. म्हणजे जुन्या गेममध्ये जिथं एसएलआय मस्त चालत होतं तिथं फार फरक दिसणार नाही, हे आधीच मनात धर. फायदा नव्या गेममध्ये आहे, डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयनं मोठं करून एफपीएस वाढवणारी सोय) मिळतं, आणि डूम द डार्क एजेससारखे गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढायचं) हार्डवेअर असल्याशिवाय चालतच नाहीत.

पॉवर सप्लाय बदलायचा नाही. दोन ९७० चे १४५ प्रमाणे २९० वॅट होत होते, ३०६० चे १७०. रोज चार तास खेळलास तर महिन्याला चौदा युनिट वाचतात, पण मला खरा फायदा वाटतो तो युपीएसचा. ६०० व्हीएचा युपीएस साधारण ३६० वॅटच झेपवतो, दोन कार्डांवर गेम चालू असताना लाईट गेली की तो लगेच बसायचा, आणि आपल्याकडं पावसाळ्यात लाईट किती जाते तुला सांगायला नको. आता गेम सेव्ह करून नीट बंद करता येतं. वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढायचं ते पण थांबतं.

बदलताना एसएलआय बंद कर, सेफ मोडमध्ये डीडीयूनं (ड्रायव्हर पुसायचं सॉफ्टवेअर) जुना ड्रायव्हर पुसून टाक, वायर काढून पॉवर बटण दाबून धर, मग ब्रिज (दोन कार्डांना जोडणारी पट्टी) आणि कार्डं काढ. नवीन कार्ड प्रोसेसरच्या जवळच्या स्लॉटमध्येच बसव. एक ९७० फिजएक्सला (गेममधल्या वस्तूंच्या हालचालींचा हिशोब) ठेवतो म्हणशील, तर नको ठेवू, दुसऱ्या स्लॉटमध्ये कार्ड असलं की वरच्या सोळा लेनच्या आठ होतात, मग ३०६० घेऊन काय मिळवलं.

सेकंडहँड घेणार असशील तर कोल्हापुरात एक गोष्ट जास्तीची बघायची. २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडं पाणी शिरलं होतं आणि भिजलेलं सामान पुसून विकलं जाऊ शकतं. मागच्या पट्टीवर गंज, स्क्रूवर पांढरा थर, हीटसिंकच्या फटीत वाळलेला चिखल, यातलं काही दिसलं तर कितीही स्वस्त असू दे, सोडून दे. बिल माग, आणि तिथंच अर्धा तास लोडवर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.

तुझी दोन्ही ९७० वेगवेगळी विक, जोडीला गिऱ्हाईक मिळणं अवघड आहे, एकेकट्याला मिळतंय. ब्रिज वेगळा ठेव, तो कुणी मागणार नाही.