ॲग्रीएबल ग्रे लावू की रिपोज ग्रे? कार्डावर तर दोन्ही सेमच दिसतात
शेरविन विल्यम्स या पेंट कंपनीचे हे दोन्ही ग्रे माझे भिंतीला लावून झालेत, तेही एकाच खोलीत, म्हणून लिहितोय.

सेम दिसतात कारण गडद-फिकट बघितलं तर ते आहेतच जवळजवळ सारखे. रंग किती उजेड परत फेकतो त्याचं माप म्हणजे एलआरव्ही, त्यात काळा ० आणि पांढरा १०० धरतात, तिथे ॲग्रीएबल ६० आणि रिपोज ५८. भिंतीवर हा फरक कळत पण नाही, त्यामुळे कुठल्याने खोली उजळ दिसेल हा प्रश्न सोडूनच द्या.

भानगड आहे ती आतल्या छटेची. ॲग्रीएबलमध्ये बेज जास्त. रिपोजमध्ये कमी, तोही तसा उबदारच आहे हां, पण उजेड गार असला की त्यातून हलकी जांभळट झाक वर येते. मी सॅम्पल पाहिलं रात्री, पिवळ्या दिव्यात, एकदम मस्त वाटलं, खिडकी उत्तरेला, दिवसभर निळसर उजेड, आणि रंग लावून झाल्यावर सकाळी बघतो तर जो येईल तो विचारतोय की बेडरूमला लव्हेंडर का दिलास. शेवटी ॲग्रीएबल मारला तेव्हा सुटलो.

तुम्ही लिहिलंय की फ्लोअरिंग मधाळ रंगाच्या लाकडाचं आहे आणि खिडक्या उत्तरेला, म्हणजे माझ्या मते ॲग्रीएबलच. पांढरा-करडा संगमरवर किंवा ग्रे टाइल असती, वर भरपूर ऊन असतं, तर मीच रिपोज म्हटलं असतं, कारण तिथे ॲग्रीएबल जरा मळकट वाटू शकतो.

तरी सॅम्पल बघाच, फक्त जुन्या क्रीम भिंतीवर डायरेक्ट पट्टा मारू नका, पिवळ्याशेजारी कुठलाही ग्रे निळा-जांभळाच दिसतो. मोठा पांढरा बोर्ड घ्या, दोन कोट द्या, कडेला पांढरी पट्टी सोडा, पूर्ण वाळू द्या आणि मग तो बोर्ड कोपऱ्यात, सोफ्यामागे, जमिनीला टेकवून असा फिरवत सकाळ-संध्याकाळ बघा. रात्री घरात जे बल्ब आहेत तेच लावून बघा, २७०० केल्विनच्या पिवळसर उजेडात आणि ४००० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात एकच रंग वेगळा दिसतो. आणि दोन्ही बोर्ड चिकटवून ठेवू नका, शेजारी ठेवले की ॲग्रीएबल उगाच पिवळा वाटतो, भिंतीवर काय दोन्ही लागणार नाहीयेत.

डबा घेताना नंबर तपासा, ॲग्रीएबल ७०२९, रिपोज ७०१५.