'पेडल टू द मेटल' आणि 'हॅमर डाउन' यांचा गाडी पळवण्याशी काय संबंध?

दोन्हींचा अर्थ गाडी भरधाव सोडणे. तुम्ही विचारलंय की यात धातू कुठून आला आणि हातोडा कुठून. मी सबटायटल्सची भाषांतरं करते, त्यामुळे हे शब्द रोजचे आहेत.

धातूचं सोपं आहे. मोटारीत पायाखाली पत्रा असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पेडल त्याला टेकायला जातं, म्हणून 'पेडल टू द मेटल'. 'फ्लोअर इट' म्हणजेही तेच. 'स्टेप ऑन द गॅस'मधला गॅस सिलिंडरमधला नाही. अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलीन म्हणतात, त्याचं ते छोटं रूप. नुसतं 'स्टेप ऑन इट' म्हटलं तरी 'दाब पाय, चल लवकर' एवढंच सांगायचं असतं.

हातोड्याची गोष्ट मला जास्त आवडते. 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल अडवलं. इंधन वाचवायला जानेवारी 1974 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची वेगमर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही केली. लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांना ती जाचक झाली. अनेकांची कमाई मैलांवर होती. मग ते ट्रकमधल्या सीबी रेडिओवरून, म्हणजे आसपासच्या गाड्यांशी थेट बोलायच्या बिनतारी संचावरून, पुढे पोलीस कुठे उभे आहेत ते एकमेकांना सांगायचे. त्या बोलीत ॲक्सिलरेटर म्हणजे 'हॅमर'. रस्ता मोकळा असला की 'हॅमर डाउन', म्हणजे हाणा गाडी! वेगवान वाहनांची लेन झाली 'हॅमर लेन'. पोलिसाला म्हणायचे 'स्मोकी', कारण वणव्यांपासून सावध करणाऱ्या सरकारी चित्रातल्या स्मोकी अस्वलाच्या डोक्यावर पोलिसांसारखीच रुंद काठाची टोपी असते. ती देशव्यापी मर्यादा 1995 मध्ये रद्द झाली, पण ट्रकवाल्यांचे हे शब्द टिकले.

ब्रिटिश मालिका बघत असाल तर 'पुट युअर फूट डाउन' नीट ऐका. ड्रायव्हरला म्हटलं तर 'वेग वाढव'. घरातल्या वादात म्हटलं तर 'ठाम राहा, अजिबात ऐकू नकोस'. कोण कुणाला म्हणतंय यावरूनच ते कळतं.

आणि 'लेड फूट'चा उच्चार लीड नव्हे, लेडच. लेड म्हणजे शिसं. ज्याचा पाय ॲक्सिलरेटरवर कायम जडच पडतो, त्या माणसाला असं म्हणतात.