पोरगी ध्यानाचं सायन्स शिकते म्हणतेय, पोट भरेल का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. खानापूर तालुक्यातनं लिहिलंय, लेक सेकंड पीयूसी म्हणजे बारावी सायन्स पास होऊन बसलीय, मार्क चांगलेत, मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत आहेत आणि त्यांचं म्हणणं सरळ इंजिनियरिंगला घालूया, पण पोरगी मोबाईलवर काय काय बघून म्हणायलीय की मला ध्यानाचं सायन्स शिकायचंय. तुम्ही विचारलंय, हे शिकून पोट भरतंय का, का उद्या ही कुठल्या आश्रमात जाऊन बसेल? आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय की सासूबाई रोज संध्याकाळी हरिपाठाला बसायला लागल्यापासून त्यांचा बीपी उतरलाय, म्हणून नातीनं त्यांची गोळी बंद करायला लावली. तुम्ही ती ओळ सहज लिहिलीत, मी मात्र तिथंच अडकलो, म्हणून आधी तेच बोलतो.

सासूबाईंना उद्याच्या उद्या डॉक्टरकडं न्या आणि गोळी बंद केल्याचं न लपवता सांगा. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ मध्ये ध्यान आणि हृदयरोग याच्यावर निवेदन काढलं होतं, त्यात एवढंच म्हटलंय की फायदा होऊ शकतो, पण नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून. गोळीच्या बदल्यात नाही. हरिपाठ चालू ठेवा की, चांगलंच आहे ते, चार बायका भेटतात, टाळ वाजतो, मन मोकळं होतं. पण गोळी ती गोळी.

आता इथनं पुढचं पत्र लेकीच्या हातात द्या, कारण तिच्या करिअरचा प्रश्न ह्या गोळीतच आहे.

बाळा, आजीचा बीपी उतरला हे खरं असेलही, पण हरिपाठानं उतरला हे तुला कसं कळलं? माणूस पाच-दहा मिनिटं शांत बसला की रिडिंग तसंही कमी येतं, दवाखान्यात जिना चढून गेल्या गेल्या घेतलं तर जास्त येतं. एकदा खूप जास्त आलेला आकडा पुढच्या खेपेला बहुतेक करून थोडा खाली येतोच, काहीही केलं नाही तरी. शिवाय तेवढ्यात आजीनं लोणचं कमी केलं असेल, गोळीचा असर उशिरा दिसला असेल. ह्या सगळ्यातनं हरिपाठाचा वाटा वेगळा काढून दाखवणं, तेच तर तू शिकायचं म्हणतीस ते सायन्स. मोबाईलवर जे बघतीस ते बहुतेक जाहिरात असते.

तुमच्याकडं भाताचं शेत असेल तर लगेच कळेल. नवीन खत चांगलं का वाईट बघायला एकाच शेतात दोन पट्टे करतात, पाणी तेच, बियाणं तेच, खत फक्त एकाला. औषधाचं पण तसंच, एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी. पण ध्यानाचं काय करणार? खोटी गोळी देता येते, खोटं ध्यान कसं द्यायचं? डोळे मिटून बसलेल्या माणसाला आपण काय करायलोय ते माहीत असतंच की. ह्या एका अडचणीपायी ह्या क्षेत्रातल्या लोकांनी बरंच डोकं लावलंय. अमेरिकेत विस्कॉन्सिनला रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटानं दुसऱ्या गटासाठी तेवढ्याच तासांचा व्यायाम, आहार, संगीत असा कार्यक्रम बनवला, म्हणजे दोन्हीकडं शिक्षक चांगला, सोबत सारखी, वेळ सारखा, फरक फक्त ध्यानाचा. मला विचारशील तर ह्या विषयातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच आहे, मेंदूचे रंगीत फोटो नव्हेत.

हे काय काल-परवा सुरू झालेलं खूळ नाही, आणि सगळं अमेरिकेतनं आलंय असंही नाही. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ ला कैवल्यधाम काढलं ते योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासायलाच. पुढं १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन ह्या मॉलिक्युलर बायॉलॉजी शिकलेल्या माणसानं मॅसॅच्युसेट्सच्या हॉस्पिटलात जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी आठ आठवड्यांचा कोर्स बसवला, आणि १९८७ ला धर्मशाळेत दलाई लामा आणि शास्त्रज्ञ एकत्र बसले, त्यातनं माइंड अँड लाइफ ही संस्था उभी राहिली. आपल्या केंद्र सरकारच्या विज्ञान विभागानं पण २०१५ पासून ‘सत्यम’ नावानं योग आणि ध्यानाच्या संशोधनाला पैसे द्यायला सुरुवात केली.

पण निकाल काय आलेत ते ऐक. २०१४ मध्ये ४७ चाचण्या, साडेतीन हजारांवर माणसं, असं सगळं एकत्र करून तपासलं तर चिंता, उदासी आणि दुखणं यात थोडा ते मध्यम फायदा दिसला, पण व्यायाम किंवा औषधापेक्षा भारी असं काही दिसलं नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत आठ हजारांवर पोरांवर मोठी चाचणी झाली, २०२२ ला निकाल आला, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा माइंडफुलनेसच्या, म्हणजे सजग ध्यानाच्या, तासाचा जादा फायदा निघाला नाही. आणि थोड्या लोकांना लांबलचक ध्यानात त्रास पण होतो, घाबरायला होतं, झोप उडते, विलोबी ब्रिटन यांनी ब्राउन युनिव्हर्सिटीत ह्याच्यावरच काम केलंय. हे वाचून तुझा मूड गेला तर समज तुला ध्यान आवडतं, ध्यानाचं सायन्स नाही. वाईट काही नाही त्यात, पण मग डिग्री कशाला, चटई पुरे.

आणखी एक. तुझे बाबा भट्टीजवळ आठ-आठ तास उभं राहतात, कधी डबल ड्यूटी. अशा माणसाला कोण कंपनीवाला येऊन दीर्घ श्वास घ्या म्हणाला तर तू काय म्हणशील? आधी पंखा लावा, ओव्हरटाइमचे पैसे वेळेवर द्या, मग श्वासाचं बघू. आरोग्य आणि समाज म्हणतात तो हा प्रश्न. ध्यानानं माणसाचा ताण हलका होतो, ताण देणारी गोष्ट जागेवरच राहते. तिहारमध्ये १९९४ ला हजारावर कैद्यांनी एकदम विपश्यना शिबिर केलं, चांगलंच झालं, पण त्यानं कोर्टातली तारीख लवकर येत नाही.

बरं, आता पोटाचं. ताई, हे तुम्ही पण वाचा. बी.एससी. इन ध्यान असलं काही शोधत बसू नका, कोण विकत असेल तर लांबनंच नमस्कार करा. ह्या विषयात आत जायचं ते दुसऱ्या दारानं, आणि दार असं निवडायचं की उद्या ध्यानाची फॅशन गेली तरी हातात लायसन राहील. माझ्या मते हिच्यासाठी सायकॉलॉजी घेऊन डिग्री, मग क्लिनिकल सायकॉलॉजीचा आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, हिच्या मान्यतेचा कोर्स. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं ते ठरवून दिलंय, नुसतं एम.ए. करून पाटी लावता येत नाही, हे बऱ्याच पोरांना फार उशिरा कळतं. पूर्वीचं एम.फिल. आता जायला लागलंय आणि नवे कोर्स यायलेत, म्हणून कॉलेजवाल्याच्या तोंडावर विश्वास न ठेवता आरसीआयच्या साइटवर त्या वर्षाची यादी बघूनच फी भरा. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आपल्याला घरच्यासारखी जवळ, बेंगळूरचं निमहान्स तर ह्या सगळ्याचं माहेर, तिथं योगावरचं संशोधन पण चालतं.

बी.एन.वाय.एस. म्हणजे निसर्गोपचार आणि योगाची साडेचार वर्षांची डिग्री वर एक वर्ष इंटर्नशिप, ते पण आहे, पण पेशंट बघायची आवड असली तरच. मेंदूच्या संशोधनाची ओढ असेल तर बी.एससी. करून पुढं कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन आणि मेंदू कसं चालतं त्याचं शास्त्र, आयआयटी गांधीनगर, कानपूर इथं आहे, पण त्याला गणित आणि स्टॅटिस्टिक्स सोडायचं नाही, आणि पीएच.डी. होईतोवर पगार बेताचाच. महाराष्ट्रात जायचा विचार असेल तर तुमचं गाव वादग्रस्त ८६५ गावांच्या यादीत आहे का बघा, तिथल्या मराठी पोरांना तिकडच्या सीईटी सेलच्या प्रवेशात वेगळी सोय असते, दाखले मात्र वेळेत काढायला लागतात.

नोकरीचं म्हणाल तर निमहान्सच्या २०१५-१६ च्या सर्व्हेत देशातली १०.६ टक्के मोठी माणसं मानसिक आजारानं त्रस्त निघाली, आणि दर लाखामागं एक मानसोपचारतज्ज्ञ सुद्धा मिळत नाही. त्यातनं आपल्या भागात मराठीत रडणारा आणि कन्नडमध्ये फॉर्म भरणारा पेशंट, त्याचं दोन्हीकडचं ऐकून घेणारी माणसं किती आहेत सांगा. पोरीला कन्नड शाळेपुरतं येतं असं लिहिलंय, ते सुधारायला लावा, ह्या सुट्टीतच. मिस्टरांना सांगा, इंजिनियरिंगची सीट मिळतीय म्हणून घेऊन टाकली आणि दोन वर्षांत बॅकलॉग घेऊन परत आली, अशी पोरं माझ्याकडं दरवर्षी येतात.

लेकीला एक काम देतो. आजींचा बीपी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, एकाच वेळेला, पाच मिनिटं बसवून मग मोजायचा, हरिपाठाच्या दिवशी पण आणि चुकलेल्या दिवशी पण, वहीत लिहायचं, आकडा आवडला नाही तरी खोडायचं नाही. गोळी डॉक्टर सांगतील तशीच चालू. ती वही आणि मार्क्स कार्ड घेऊन शनिवारी बेळगावला या, मिस्टरांना सुट्टी असेल तर त्यांना पण आणा. आणि त्याच्या आधी, डॉक्टर गोळीचं काय म्हणाले ते तेवढं कळवा.