केक मधोमध कच्चा का राहिला?

प्रश्न: ताई, आम्ही फेब्रुवारीत स्वीडनमध्ये, उप्सालाला राहायला आलो. परवा एका घराच्या फाटकापाशी 'घेऊन जा' अशी पाटी लावलेली पिवळट सफरचंदांची पेटी दिसली. ती आणून मी एप्पेल्काका, म्हणजे इथला सफरचंदाचा केक केला. डेसिलिटरचं माप नव्हतं, म्हणून त्याजागी चहाचा कप वापरला. केक वरून छान तांबूस झाला, पण कापला तर मधे लगदा आणि फोडी तळाशी. दुसरं असं, की ऑक्टोबरमध्ये सासूबाई येताहेत आणि त्या अंडं खात नाहीत. त्यांना काय करून घालू?
— एक वाचक, उप्साला

उत्तर: आधी कपाचं बघू. इथला डेसिलिटर म्हणजे 100 मिलिलिटर, आणि चहाचा कप साधारण अडीच डेसिलिटरचा. तुझा मैदा, साखर, दूध सगळं अडीचपट झालं; अंडी मात्र होती तेवढीच राहिली आणि बेकिंग पावडरही तेवढीच. एवढं पीठ त्यांना कसं फुगवता येणार? शिवाय थर इतका जाड, की आच मधोमध पोचेपर्यंत कडा भाजून झाल्या. उद्याच मापांचा जुडगा आण. त्यात डेसिलिटर असतो, 15 मिलीचा मोठा चमचा, 5 मिलीचा छोटा, आणि 1 मिलीचं चिमुकलं मापही असतं. मैदा दाबून भरू नकोस. सैल भरलेला एक डेसिलिटर 60 ग्रॅमच्या आसपास भरतो. आणि डब्यावर 'बाकपुल्वर', म्हणजे बेकिंग पावडर, लिहिलंय ना, ते नीट वाच. मी इथे आले त्या वर्षी 'बिकार्बोनात', म्हणजे खायचा सोडा घातला होता. केकला साबणासारखी चव आली आणि सगळा टाकावा लागला. अजून वाईट वाटतं त्याचं.

आता सफरचंद. ऑगस्टमधली ती पिवळट, पातळ सालीची बहुधा 'ट्रान्सपरांत ब्लांश' असणार. झाडावरून उतरली की दोन-चार दिवसांत भुसभुशीत होतात आणि शिजली की विरघळतात. केकला आंबटसर आणि घट्ट गराचंच फळ हवं. सप्टेंबरात ग्राव्हेन्स्टाइनर मिळतात, पुढे ऑक्टोबरात इंग्रिद मारी. मी स्कोनेत, म्हणजे स्वीडनच्या दक्षिण टोकाला राहते. सप्टेंबरअखेरीस किविकला सफरचंदांचा बाजार भरतो, तेव्हा दोन्ही पिशव्या भरून आणल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझं प्रमाण 24 सेंटिमीटरच्या साच्याचं आहे. साच्याला लोणी फासून वर ब्रेडचा कोरडा चुरा भुरभुरायचा. इथे तसंच करतात आणि केक अलगद सुटतो. 3 अंडी आणि 2 डेसिलिटर साखर पांढरी, फुललेली होईस्तोवर फेटायची. हे आळसाने करू नकोस, केकचा हलकेपणा इथेच ठरतो. त्यात 100 ग्रॅम वितळलेलं लोणी आणि 1 डेसिलिटर दूध घाल. मग 3 डेसिलिटर मैदा आणि 2 छोटे चमचे बेकिंग पावडर एकत्र चाळून, हलक्या हाताने मिसळ. तीन-चार सफरचंदांच्या फोडी शेवटी चिरायच्या आणि पिठात उभ्या खोचायच्या. दालचिनी-साखर अगदी भट्टीत सरकवताना वरून. आधी लावून ठेवली तर फोडींना पाणी सुटतं आणि तेच पिठात उतरतं. 175 अंशांवर, भट्टीच्या खालच्या भागात, 40 मिनिटं. भट्टीचा पंखा चालू असेल तर 20 अंश कमी. मधोमध काडी खुपसून बघ. कोरडी निघाली की झालं.

सासूबाईंसाठी मात्र याच केकमधून अंडं काढायच्या खटपटीत पडू नकोस. इथे सफरचंदाचा एक जुना प्रकार आहे, ज्यात मुळातच अंडं नसतं, आणि मला तर तोच जास्त आवडतो. शेजारच्या आजींनी मला तो शिकवला. त्यांच्या मते हाच खरा एप्पेल्काका. 75 ग्रॅम लोण्यावर 3 डेसिलिटर ब्रेडचा चुरा आणि 1 डेसिलिटर साखर खमंग परतायची. आमच्या स्कोनेत राय (rye) या धान्याच्या काळ्या ब्रेडचा चुरा घेतात, त्याची चव फार खोल लागते. बाजारचा ब्रेड घेतलास तर अंडं नाही ना, ते पाकिटावर वाच. साच्यात चुऱ्याचा थर, वर सफरचंदाचा मोस, म्हणजे शिजवून मऊ केलेला गर, पुन्हा चुरा. सगळा मिळून पाच-सहा डेसिलिटर मोस लागतो. 200 अंशांवर 25 मिनिटं. सोबत व्हॅनिलाचा सॉस देतात, पण घरी करतात त्यात अंड्याचा बलक असतो. तू फेटलेलं क्रीम दे.

आणि या मोसाला तुझी ती भुसभुशीत सफरचंदंच उत्तम! अजून उरली असतील तर आजच सोलून, किलोला 1 डेसिलिटर पाणी आणि तेवढीच साखर घालून शिजव, गार झाल्यावर डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेव. ऑक्टोबरपर्यंत सहज टिकेल.