'गॅलेक्टिन'मधले दूध आणि 'लेक्टिन'मधली वेचणी

परभणीच्या एका वाचकांनी विचारले आहे की, 'गॅलेक्टिन-३' या मानवी प्रथिनाला 'दुग्धप्रथिन' म्हणावे काय, आणि 'एलजीएएलएस-३' हे त्याचेच दुसरे नाव आहे काय.

दुग्धप्रथिन मुळीच म्हणू नये. 'लॅक्टिन' असा उच्चार करून त्यात दूध शोधण्याचा प्रकार शिकवणीवर्गांपासून आरोग्यविषयक व्याख्यानांपर्यंत सतत कानी पडतो आणि त्याचा मनस्वी त्रास होतो. लॅटिनमधले दूध 'प्रोलॅक्टिन' या दूध निर्माण करवणाऱ्या संप्रेरकाच्या नावात आहे. 'लेक्टिन' म्हणजे साखर धरणारे प्रथिन; त्या शब्दात दुधाचा थेंबही नाही. 'गॅलेक्टिन'मध्ये दूध आहे खरे, पण ते पूर्वार्धात: ग्रीक 'गाला' म्हणजे दूध, त्यावरून दुधातील साखरेचा घटक असलेली गॅलॅक्टोज, आणि तिची संयुगे धरणारे लेक्टिन ते गॅलेक्टिन. हे कुलनाम १९९४ मध्ये ठरले.

खरी गोडी 'लेक्टिन' या शब्दात आहे. काही बियांचा अर्क विशिष्ट रक्तगटाच्याच तांबड्या पेशींचे पुंजके करतो, हे लक्षात घेऊन विल्यम बॉइड आणि एलिझाबेथ शॅप्ली यांनी १९५४ मध्ये हा शब्द लॅटिन 'लेगेरे' या क्रियापदावरून घडवला. या क्रियापदाचा मूळ अर्थ वेचणे; पुढे निवडणे आणि वाचणे हे अर्थ आले. मराठवाड्यात कापसाची वेचणी पाहिलेल्या माणसाला हा अर्थविस्तार समजावून सांगावा लागू नये, कारण वेचणारी बाई फुटलेल्या बोंडातला कापूस तेवढा काढते, कच्चे बोंड झाडावरच ठेवते. आणि 'वेचक कविता' म्हणताना आपणही त्याच क्रियापदाने निवड सांगतो. 'कलेक्टर', 'इलेक्शन' आणि 'लेक्चर' हे आपल्या रोजच्या तोंडातले शब्द याच घराण्यातले आहेत. ('कलेक्टिन' हे प्रथिननाम मात्र कोलॅजन आणि लेक्टिन यांच्या जोडातून आले आहे.) म्हणून लेक्टिनला 'शर्करावेचक' म्हणावे, असे माझे ठाम मत आहे.

लेक्टिनसाठी 'रक्त गोठवणारे प्रथिन' हा पर्याय रेटणाऱ्या अभ्यासकांचे म्हणणे मला मान्य नाही. संशोधक स्टिलमार्क यांनी १८८८ मध्ये एरंडाच्या बियांच्या अर्काने तांबड्या पेशींचे पुंजके होताना पाहिले, हे खरे. परंतु पुंजके होणे आणि रक्त गोठणे या वेगळ्या क्रिया आहेत, आणि पुंजक्यांसाठी रेणूला साखर धरण्याच्या निदान दोन जागा लागतात. गॅलेक्टिन-३ च्या एका रेणूत साखर धरणारे क्षेत्र एकच असते. अनेक रेणू एकत्र आले, तरच त्यांचे जाळे विणले जाते. निवड मात्र प्रत्येक लेक्टिन करते.

एलजीएएलएस-३ हे प्रथिनाचे नव्हे, जनुकाचे नाव आहे. त्यातला 'एल' लेक्टिनचा, 'जीएएल' गॅलॅक्टोसाइडचा आणि 'एस' विद्राव्य या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा. हे जनुक चौदाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असून त्याच्या सांकेतिक लिपीनुसार २५० अमिनो आम्लांचे प्रथिन तयार होते. त्यामुळे 'रक्तात एलजीएएलएस-३ वाढले' असे लिहिणे चूक आहे. तपासणीत मोजले जाते ते गॅलेक्टिन-३.