सायकलच्या हेल्मेटवर कॅमेरा लावण्याआधी

माउंटसाठी, म्हणजे कॅमेरा बसवायच्या आधारासाठी, हेल्मेटला भोक अजिबात पाडू नकोस. आतला फोम कमजोर झाला तर डोकं कोण वाचवणार? हवेच्या फटींतून पट्टा ओवून घट्ट बांध आणि कॅमेरा शक्य तितका खाली बसव. तू पडताना उंच दांडीवरचा कॅमेरा फांदीत अडकला, तर मानेला हिसका बसतो.

कोन मात्र सायकलवर बसून, हँडल धरूनच ठरव. उभं राहून लावलास तर वाकल्यावर नुसतं पुढचं चाक दिसतं! आधी गल्लीत मिनिटभर चित्रण करून बघ.

चित्रणाचा दर्जा 1080पी पुरे, त्याहून बारीक 4के बॅटरी फार खातं. कॅमेऱ्यातलं फ्लिकरचं सेटिंग 50 हर्ट्झवर ठेव, नाहीतर रात्री दिवे लुकलुकतात. सिंहगडाच्या उतारावर कॅमेऱ्याला हात लावू नकोस. दोन्ही हात ब्रेकवरच हवेत.