नवं पॉइंट टू-टू (सुमारे ०.२२ इंची गोळीचं) पिस्तूल? आधी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा

अभिनंदन! पहिल्याच आठवड्यात सगळं सुटं करायची खुमखुमी येते, मलाही आली होती. एक स्प्रिंग टेबलावरून उडाली ती कपाटाखाली सापडली, तीही दोन दिवसांनी.

सुरुवातीला एवढंच पाळा:

१. मॅगझीन काढा, बोल्ट (नळीमागचा सरकणारा भाग) मागे ओढा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

२. मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढंच उघडा. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. रुगर कंपनीचं मार्क ३ हे पॉइंट टू-टू पिस्तूल उघडताना गंमत वाटते, जोडताना घाम फुटतो. 2016 साली आलेलं मार्क ४ मात्र एका बटणावर उघडतं.

३. नळी घासत बसू नका. या काडतुसांच्या शिशाच्या गोळीवर बहुधा मेणासारखा थर असतो. तो जळक्या दारूत मिसळून चिकट काळा गाळ होतो आणि बोल्टच्या तोंडावर, एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस चेंबरमधून बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखाली बसतो. काडतूस अडकायला लागलं की आधी तिथे टूथब्रश फिरवा. नळीत रॉड शक्यतो मागून घाला, पुढून घातलात तर नळीच्या तोंडाची कड खराब होते.

तेल थेंबभरच. जास्त झालं की त्याच गाळाचा चिखल होतो.

रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढून सराव करायचा असेल तर आधी मॅन्युअल बघा. बऱ्याच मॉडेल्समध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आदळून ते उडवणारी पिन) चेंबरच्या कडेवर आदळून खाच पाडते.

अपग्रेड? हाताला बसणारी ग्रिप (मूठ) घ्या. ट्रिगरला सध्या हात लावू नका, पुढे वाटलंच तर गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) द्या. वाचलेले पैसे काडतुसांवर घाला; दोन-तीन प्रकार झाडून बघा, प्रत्येक पिस्तुलाची आवड वेगळी असते.